फुकट्या प्रवासी आणि पन्नास पैशांची पावती

समजा, तुम्ही मूर्तिजापूर आगारात वाहक आहात. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या मूळ वेतनात वाढ जाहीर झाली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षंवाल्यांना चार हजार, वीसच्या वर अडीच हजार. सप्टेंबर २०२४ मध्ये हा फरक भरून काढून सगळ्यांची वाढ साडेसहा हजारांवर नेली गेली. या दोन्ही वेळा तुम्ही कोणत्या संघटनेचे सभासद आहात हे कुणी विचारलं नाही. नोकरीची वर्षं मोजली गेली, वर्गणीच्या पावत्या कुणी मागितल्या नाहीत. जो वीस वर्षं इमानदारीनं वर्गणी भरत आला त्यालाही तेवढंच मिळालं, आणि ज्यानं खजिनदाराला पाहून रस्ता बदलला त्यालाही तेवढंच.

मग वर्गणी द्यायची काहून?

हा प्रश्न आपल्याकडे पारावर, कॅन्टीनमध्ये रोज निघतो. त्याला शास्त्रीय रूप दिलं ते मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं, १९६५ च्या ‘द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ या पुस्तकात. कामगार संघटनांवर त्यात एक अख्खं प्रकरण आहे. वर्गणीवर वाद घालणाऱ्या बहुतेक लोकांनी हे पुस्तक वाचलेलं नसतं, तरी ते बोलत असतात ओल्सनचीच भाषा. म्हणून आज त्याच पुस्तकाची झाडाझडती घेऊ. ते हुशार पुस्तक आहे. पण त्यातल्या एका आंधळ्या कोपऱ्याची किंमत महाराष्ट्रातल्या कामगारांनी मोजली आहे, असं माझं मत आहे.

आधी त्याचा मुद्दा. पगारवाढ, कामाचे तास, बोनस या गोष्टी एकदा मिळाल्या की सगळ्यांना मिळतात. एखाद्याला त्यातून वगळता येत नाही. अशा वेळी प्रत्येक जण मनात हिशेब करतो: माझ्या वर्गणीनं निकाल किती बदलेल? एसटीत नव्वद हजारांच्या आसपास कर्मचारी आहेत असं धरा. अगदी ढोबळ गणित म्हणून माना की तुमच्या एकट्याच्या वर्गणीनं करार होण्याची शक्यता नव्वद हजारातल्या एका भागानं वाढते. पाच हजारांच्या वाढीतला तुमच्या वर्गणीचा ‘परतावा’ मग किती? पाच हजार भागिले नव्वद हजार. म्हणजे महिन्याला साडेपाच पैसे.

साडेपाच पैशांसाठी कोण पन्नास रुपये देईल? शहाणा माणूस न भरता बसेल आणि वाढ झाली की सगळ्यांबरोबर घेईल. सगळेच असे शहाणे निघाले की संघटनाच उरणार नाही आणि वाढही होणार नाही. अशा माणसाला इंग्रजी लेखनात जो शब्द आहे त्याचा मराठी अर्थ होतो फुकट्या प्रवासी. वाहकाला हा प्राणी समजावून सांगायची गरज नाही.

ओल्सनचं म्हणणं असं की मोठा गट केवळ समान हितासाठी आपोआप उभा राहत नाही. त्याला एक तर सक्ती लागते किंवा फक्त सभासदांनाच मिळेल असं काहीतरी वेगळं आमिष लागतं: विमा, वकील, पतसंस्था, बदलीच्या वेळी शब्द टाकणारा माणूस. शेवटचं उदाहरण माझं आहे, पण आगारात विचारून बघा. सभासदत्वाचं पहिलं कारण म्हणून लोक तत्त्व सांगतात की ‘भाऊ, निलंबन झालं तर कोनीतरी उभं राह्यलं पाह्यजे’, हे तुम्हाला लगेच कळेल.

पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग अमेरिकेतल्या मतदानाचा आहे. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यानं अट घातली की संघटनेला सभासदत्व सक्तीचं करायचं असेल तर आधी कामगारांचं मत घ्यावं. कायदा करणाऱ्यांना वाटलं, गुप्त मतदानात कामगार सक्ती झुगारून देतील. झालं उलटं. सुमारे सत्त्याण्णव टक्के मतदानांत सक्तीच्या बाजूनं कौल गेला, आणि १९५१ मध्ये ही अटच रद्द करावी लागली. हेच कामगार संघटनेच्या सभांना मात्र फिरकत नसत. ओल्सन म्हणतो, यात विसंगती नाही. मी एकटा भरणार नाही, पण सगळ्यांना भरावी लागत असेल तर मीही खुशीनं भरीन. आपण कर याच न्यायानं भरतो.

इथपर्यंत त्याच्याशी भांडण नाही. भांडण सुरू होतं ते त्याच सूत्रात एसटीचा संप घातल्यावर.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर संघटनांच्या कृती समितीनं महागाई भत्त्याच्या निर्णयानंतर आपलं उपोषण मागे घेतलं. आगारांतले लोक उठले नाहीत. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी घेऊन संप पुढे चालला तो थेट २०२२ च्या एप्रिलपर्यंत. उच्च न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं तेव्हा तो संपला. मधल्या काळात पगार नाही, हजारोंची निलंबनं, बडतर्फीच्या नोटिसा. ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी घेतली त्या संघटना बाजूला पडल्या होत्या.

आता ओल्सनचं गणित करा. ज्या माणसाला साडेपाच पैशांच्या परताव्यासाठी पन्नास रुपये महाग वाटायला हवेत, त्यानं महिनोन् महिने अख्खा पगार पणाला लावला. आणि तो लावला अशा मागणीसाठी जी मिळाली तर सगळ्यांना मिळणार होती, घरी बसणाऱ्यालाही आणि कामावर जाणाऱ्यालाही. सूत्राप्रमाणे हे घडायलाच नको होतं.

ओल्सनकडे यावर दोन उत्तरं आहेत. पहिलं चांगलं आहे. त्याच्या मते लहान गट मोठ्या गटापेक्षा वेगळे वागतात, कारण तिथे कोण येतं, कोण येत नाही हे दिसतं. मोठी संघटना जर लहान लहान शाखांची बनलेली असेल तर हा दबाव वर चढतो. संप आगारानिहाय टिकला हे त्याच्याशी जुळतं. नव्वद हजारांच्या गर्दीत माणूस लपू शकतो, एका आगारात नाही. तिथे कुणाची बस निघाली हे फाटकावरच्या प्रत्येकाला दिसतं. दुसरं उत्तर लंगडं आहे. हरलेल्या बाजूसाठी झुंजणाऱ्या, भावनेवर चालणाऱ्या गटांना आपला सिद्धांत फारसा लागू पडत नाही, असं तो पुस्तकात शेवटाकडे म्हणून टाकतो. म्हणजे जुळलं तर सिद्धांत, नाही जुळलं तर ती माणसं अविचारी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं प्रयोगवहीत असं लिहिलं तर सर वही परत करतील.

मला वाटतं गोम वेगळी आहे. ओल्सन एकच प्रश्न विचारतो: पैसे गोळा कसे होतील? गोळा करणारा कुणाला जबाबदार राहील, हे तो विचारतच नाही. एसटीतल्या त्या कामगारांना संघटित होण्याचा खर्च जड झाला नव्हता. त्यांचा विश्वास उडाला होता. न भरणारा फुकट्या आणि भरूनही ऐकून न घेतलेला सभासद, हे दोघे ओल्सनच्या तक्त्यात एकाच रकान्यात पडतात. अल्बर्ट हर्शमननं १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ लिहून ही जागा थोडी भरली. तुम्ही संस्थेवर नाराज असाल तर एक तर सोडून जाता, नाही तर आत राहून बोलता, आणि यातलं काय निवडाल हे निष्ठेवर ठरतं, असं त्याचं म्हणणं. पण धोरण ठरवणारे आणि न्यायालयं वाचत राहिली ओल्सनलाच, किंवा न वाचता त्याच्यासारखा विचार करत राहिली.

म्हणजे कसं, ते आपल्याच कायद्यात बघा.

महाराष्ट्रात संघटनांना मान्यता देण्याचा स्वतंत्र कायदा १९७१ मध्ये झाला. कामगार मंडळी त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमआरटीयू अँड पल्प’ म्हणतात. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार सभासद असतील, तर संघटनेला मान्यता मागता येते. मान्यता मिळाली की वाटाघाटींचा मुख्य हक्क तिचा. म्हणजे पावती इथे दोन कामं करते. ती वर्गणी आहे आणि मतही आहे. या कायद्यानं मान्यताप्राप्त संघटनेची किमान वर्गणी किती ठेवली? महिन्याला पन्नास पैसे. १९२६ च्या केंद्रीय कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनं तर वर्षाला किमान एक रुपया ग्रामीण कामगारांसाठी, तीन रुपये इतर असंघटितांसाठी, बारा रुपये बाकीच्यांसाठी, असे आकडे आले.

मतपत्रिका म्हणून पन्नास पैसे ठीकच आहेत, मत स्वस्तच असावं. पण त्यावर संघटना चालत नाही. कार्यालयाचं भाडं, औद्योगिक न्यायालयातला वकील, तारखेला अकोल्याला जायचा खर्च, हे काही पन्नास पैशांत बसत नाही. संघटना अर्थातच जास्त वर्गणी लावतात, पण किमान इतकं खाली असलं की प्रतिस्पर्धी संघटना स्वस्तात पावत्या फाडते आणि सगळ्यांनाच दर खाली ठेवावा लागतो. मग पैसा दुसरीकडून आणावा लागतो. एक वाट पक्षांकडे जाते. दुसरी करारातून.

ही दुसरी वाट सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८४ मध्ये मोकळी केली, मुंबईच्या बामर लॉरी कंपनीच्या खटल्यात. तिथे दोन संघटना होत्या, एक मान्यताप्राप्त आणि दुसरी नाही. मान्यताप्राप्त संघटनेनं कंपनीशी करार केला. त्यातल्या एका कलमानुसार प्रत्येक कामगाराला करारापोटी मिळणाऱ्या एकूण थकबाकीतून पंधरा टक्के कंपनी कापून घेणार आणि तीन दिवसांत धनादेशानं त्या संघटनेच्या निधीत भरणार. प्रत्येक कामगाराच्या, म्हणजे दुसऱ्या संघटनेच्या सभासदाच्याही. दुसरी संघटना न्यायालयात गेली. न्यायालयानं म्हटलं की ही सक्तीची वसुली नाही आणि करही नाही, एकंदर कराराचा भाग म्हणून संमतीनं ठरलेली ही कपात आहे, त्यामुळे बेकायदा नाही.

निकालामागचा विचार समजण्यासारखा आहे. करार सगळ्यांना बांधतो, फायदा सगळे घेतात, मग खर्चही सगळ्यांनी उचलावा. शुद्ध ओल्सन. मलाही तत्त्व म्हणून हे मान्य आहे. माझ्यासाठी कुणी दोन वर्षं वाटाघाटी केल्या असतील तर त्याचा चहापाण्याचा खर्च मी द्यायला हवा.

अडतं ते ‘संमती’ या शब्दाशी. कुणाची संमती? ज्याच्या थकबाकीतून पैसे गेले त्याची सही त्यावर नाही. त्याच्या वतीनं सही केली ती अशा संघटनेनं जिचं सभासदत्व त्यानं विचारपूर्वक नाकारलं होतं. शिवाय सही करणारीच पैसे घेणारी. एरवी आपला कायदा या बाबतीत किती कडक आहे बघा: १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात संघटनेची फी पगारातून कापायची तर कामगाराची लेखी परवानगी लागायची, आणि वेतन संहितेतही लेखी संमतीची अट आहे. पन्नास रुपयांच्या मासिक वर्गणीला तुमची सही हवी आणि हजारोंच्या थकबाकीतल्या पंधरा टक्क्यांना दुसऱ्याची चालते, हे तर्कात बसवणं अवघड आहे.

आणि इथे ओल्सनचा आंधळा कोपरा उघडा पडतो. मासिक वर्गणीत खजिनदार दर महिन्याला तुमच्यासमोर उभा राहतो. १९७१ च्या कायद्यानं मान्यताप्राप्त संघटनेला पगार वाटतात त्या जागी वर्गणी गोळा करायचा हक्कच दिला होता. पगाराच्या खिडकीजवळ टेबल, त्यावर पावतीपुस्तक. ‘मागच्या महिन्यात माझ्या बदलीचं काय केलं?’ हे विचारायची ती जागा. पगार बँकेत जायला लागला आणि खिडकी गेली. त्याबरोबर हा संवादही गेला, हे फारसं कुणी नोंदलं नाही. थकबाकीच्या कपातीत तर खजिनदाराला तुमची गरजच उरत नाही. धनादेश कंपनी काढते. तीन-चार वर्षांत एकदा येणारी मोठी रक्कम ज्याच्या हातून येते, त्याला दुखवायला संघटना कचरणार, हे समजायला सिद्धांत लागत नाही. फुकट्यांचा प्रश्न सुटला खरा, पण त्या बदल्यात संघटनेचा गिऱ्हाईकच बदलला.

अमेरिकेतल्या न्यायालयांनी याच गाठीवर चाळीस वर्षं खर्च केली. १९७७ च्या अबूद खटल्यात सरकारी नोकरांबाबत त्यांनी मध्यम मार्ग काढला: सभासद नसलेल्याकडून वाटाघाटींचा खर्च घ्या, राजकारणाचा नाही. १९८८ च्या बेक खटल्यात खासगी क्षेत्रातही तसाच हक्क आला. मग २०१८ मध्ये जेनस खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी अबूद उलटवला, आणि सरकारी नोकरांवरची अशी सक्तीची फी संपली. ओल्सनच्या सूत्रानुसार यानंतर सार्वजनिक क्षेत्रातल्या संघटना ओस पडायला हव्या होत्या. फी भरणारे बिगरसभासद एका फटक्यात गेले, सभासद मात्र त्या मानानं टिकले. निकाल येणार हे दिसत असताना मोठ्या संघटनांनी आधीच एकेका सभासदाला गाठून बोलायला सुरुवात केली होती. खजिनदार पुन्हा दारात गेला.

आपल्याकडे अबूदसारखा मध्यम मार्ग नव्हता असं नाही. १९२६ च्या कायद्यानं राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायला सांगितला. त्यात पैसे देण्याची सक्ती करता येत नाही आणि न देणाऱ्याला संघटनेच्या लाभातून वगळता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनं तो जुना कायदा पोटात घेतला, तरी वेगळ्या निधीची सोय ठेवली. थकबाकीच्या कपातीलाही हेच तत्त्व लावता आलं असतं. वाटाघाटीचा खर्च दाखवा, तेवढाच सगळ्यांकडून घ्या, वरचं ज्याची सही असेल त्याच्याकडून. १९८४ च्या निकालानं पंधरा टक्क्यांचा हिशेब मागायची संधी सोडली, ही माझी त्याच्यावरची मुख्य तक्रार आहे.

पावती आणि मत वेगळं करायचा आणखी एक रस्ता तर मूर्तिजापुरातच बघायला मिळतो. गावात रेल्वेचं जंक्शन आहे. रेल्वेत २००७ पासून कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची हे गुप्त मतदानानं ठरतं. शेवटचं मतदान डिसेंबर २०२४ मध्ये झालं. सभासद नसलेल्या कर्मचाऱ्यालाही मत असतं. तिथे वर्गणी बंद केली म्हणून आवाज जात नाही आणि वर्गणी भरली म्हणून पाठिंबा गृहीत धरला जात नाही. बस आणि रेल्वे, एकाच गावातले दोन कामगार, आणि संघटनेपुढे दोघांची ताकद मोजायची पद्धत वेगळी. नव्या संहितेत एकावन्न टक्के पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाट करते, नाही तर वीस टक्क्यांच्या वरच्या संघटनांची परिषद बसते. हा पाठिंबा पावत्यांवर मोजला जातो की मतपेटीतून, यावर त्या आकड्यांचा अर्थ ठरेल.

तोवर पावती फाडणाऱ्यांसाठी आणि न फाडणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. सभासद व्हायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही, ना मालक ना संघटना. १९७१ च्या कायद्यात दोघांचीही जबरदस्ती अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. बिगरमान्यताप्राप्त संघटनेचे सभासद असाल तरी निलंबन, बडतर्फीसारख्या तुमच्या वैयक्तिक तक्रारीवर ती संघटना मालकाशी बोलू शकते आणि खातेनिहाय चौकशीत तुमच्या बाजूनं उभी राहू शकते. ‘आता तुमच्यासाठी कोनी येनार नाही’ ही धमकी म्हणून अर्धीच खरी. सभासद असाल तर संघटनेची हिशेबाची वही आणि सभासदांची यादी बघायला मागायचा हक्क १९२६ पासूनचा आहे. फार थोडे लोक तो वापरतात. मान्यताप्राप्त संघटनेच्या कार्यकारिणीनं तीन महिन्यांत एकदा तरी बसायचं असतं आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहायचे असतात. तीही मागा.

आणि सोडायचंच ठरवलं असेल तर खजिनदाराला तोंडी सांगून भागत नाही. कपातीची परवानगी लेखी दिली होती, ती मागे घेणंही लेखी हवं. अर्जाच्या तीन प्रती काढा. एक आस्थापनेकडे, एक संघटनेला, आणि तिसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात कपातीचा तो रकाना रिकामा आहे का, ते बघा.